विंचवाच्या नांगीचा फुगा

बाबासाहेबांवरचं कॉमिक म्हटलं की माझ्या वयाच्या बहुतेकांना एकच आठवतं: अमर चित्र कथेचं, १९७९ सालचं. मजकूर एस. एस. रेगे यांचा, चित्रं दिलीप कदम यांची. अनंत पै यांनी १९६७ मध्ये सुरू केलेल्या या मालिकेची पुस्तकं अनेक भाषांत कोट्यवधींनी खपली. 'खपतं ते उथळच' असं म्हणून मोकळं व्हायची आपल्याकडे पद्धत आहे. मला ते पटत नाही. थोडक्या पानांत एक आख्खं आयुष्य सांगायचं आणि दारव्ह्याच्या चौथीतल्या पोरालाही कुठं अडू द्यायचं नाही, हे सोपं काम नाही. मी सॉफ्टवेअर लिहितो. वापरणारा मध्येच हरवता कामा नये, ही अट किती छळते ते मला माहीत आहे.

पण या सोपेपणाची किंमत मोजावी लागते. चित्रं वास्तवदर्शी, चौकटी सरळ. एक अपमान एका चौकटीत सुरू होतो, दोन-तीन चौकटींत आटोपतो आणि नायक पुढच्या यशाकडे निघतो. वाचून पोराला वाटतं, बाबासाहेब फार हुशार होते. होतेच. पण जात मात्र काही वाईट माणसांचा स्वभाव होऊन बसते आणि पुस्तक मिटलं की संपते.

आता 'भीमायन' घ्या. २०११ मध्ये नवयाननं काढलेलं. लेखन श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचं, चित्रं दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड कलाकारांची. इथं सरळ चौकटीच नाहीत. नक्षीचे पट्टे पानभर वळत जातात आणि त्यांच्यामधून गोष्ट वाहते. साध्या माणसाचं बोलणं पक्ष्याच्या आकाराच्या फुग्यात येतं. जातीचं विष ओकणाऱ्याच्या फुग्याला विंचवाची नांगी असते. एवढ्या एका युक्तीनं लहान पोरालाही कळतं की शब्द डसतो. शिवाय ही गोष्ट १९०१ मधल्या छोट्या भीमाच्या तहानेवर थांबत नाही. ती खैरलांजीपर्यंत येते. खैरलांजी म्हणजे २००६, आणि आपलाच विदर्भ.

माझ्या मते दोन्हींत 'भीमायन' सरस आहे, कारण त्यातली चित्रं मजकुराला नुसती सजवत नाहीत, स्वतः विचार करतात. तरी त्याचीही एक बाजू पडती आहे. काही पानांवर नजर कुठून कुठं न्यायची ते चटकन कळत नाही. आणि मी ते वाचलं इंग्रजीतून, ऑनलाइन मागवून. यवतमाळच्या स्टँडवर ते मला कधी दिसलं नाही.

खरा प्रश्न मला इथं दिसतो. केळापूर-घाटंजीकडे गोंड, परधान, कोलाम वस्त्या आहेत. बाबासाहेबांच्या नावानं पुस्तक विकत घेणारी माणसं तर गावोगाव आहेत. दीक्षाभूमीवरचे पुस्तकांचे स्टॉल बघा म्हणजे कळेल. चित्रकला यांच्यातली, गोष्ट यांची, आणि पुस्तक मात्र महानगरातल्या दुकानात. त्यामुळे खपाचा आकडा वाचकाच्या आवडीबद्दल फार थोडं सांगतो. समोर काय ठेवलं होतं, कोणत्या भाषेत आणि कितीला, हेच तो जास्त सांगतो. दोन्ही पुस्तकं मराठीत, परवडेल अशा किमतीत, एकाच स्टॉलवर शेजारी शेजारी ठेवा. मग बघू पोरं कोणतं उचलतात.