इलेक्ट्रिक लेडीलँड: दुसऱ्याला जागा देणारी गिटार

आज आपण एकच अल्बम ऐकायला घेतोय. जिमी हेंड्रिक्सचा 'इलेक्ट्रिक लेडीलँड', ऑक्टोबर १९६८.

हेंड्रिक्स म्हटलं की डोळ्यांपुढे काय येतं? १९६७चा मॉन्टेरे महोत्सव, पेटवलेली गिटार, दातांनी छेडलेल्या तारा. ते सगळं घडलं, खरंच आहे. पण त्यामुळे हा माणूस म्हणजे नुसती आतषबाजी, असा समज होऊन बसला. हा दुहेरी अल्बम शांतपणे ऐकला की तो समज टिकत नाही. आमच्या मते, इथे हेंड्रिक्सचं मोठेपण तो कुठे थांबतो आणि कुणाला पुढे येऊ देतो, यात जास्त दिसतं.

आधी 'व्हूडू चाइल' घेऊ. साधारण पंधरा मिनिटांचा संथ ब्लूज. ऑर्गनवर स्टीव्ह विनवुड, बेसवर जॅक कॅसडी, ड्रम्सवर मिच मिचेल. यातले पहिले दोघे हेंड्रिक्सच्या बँडमधले नव्हेत, पाहुणे. गिटार एक वाक्य बोलते, ऑर्गन त्याला उत्तर देतो, आणि गिटार ते उत्तर पूर्ण होऊ देते. त्याच बीजातून दुसऱ्या दिवशी 'व्हूडू चाइल्ड (स्लाइट रिटर्न)' निघालं. सुरुवातीला वा-वा पेडलवर तारांचा नुसता खरखराट, मग एकदम स्फोट. पाच-सव्वापाच मिनिटांत खेळ खलास! आपल्याकडचे श्रोते म्हणतील, एक विलंबित, एक द्रुत. तुलना फार ताणू नये, पण एकच कल्पना दोन गतींत किती वेगळी माणसं बनते, हे कानाला कळायला ती पुरेशी आहे.

आता 'ऑल अलाँग द वॉचटॉवर'. मूळ गाणं बॉब डिलनचं. त्याच्या ध्वनिमुद्रणात अकूस्टिक गिटार, माउथ ऑर्गन, बेस, ड्रम्स, बस्स. हेंड्रिक्सने मधल्या सोलोचे चार तुकडे केलेत. आधी सरळ तारा, मग घसरत जाणारी स्लाइड, मग वा-वा, शेवटी नुसते झपाट्याने मारलेले कॉर्ड्‌स. प्रत्येक तुकड्याला स्वतःचा आवाज आहे, जणू चार वेगळे वादक एकामागून एक पुढे आले. आणि बघा, यातला बेससुद्धा हेंड्रिक्सनेच वाजवलाय. पुढे खुद्द डिलन हे गाणं मंचावर याच्याच वळणाने गाऊ लागला. यापेक्षा मोठी पावती कुठली?

'क्रॉसटाउन ट्रॅफिक'मध्ये गिटारच्या जोडीला कंगवा आणि कागद यांची पिपाणी आहे, ती कान देऊन शोधा. लहान मुलाचा खेळ, पण त्यानेच त्या सुराला धार येते.

या सगळ्याची किंमतही सांगायला हवी. न्यूयॉर्कच्या रेकॉर्ड प्लांट स्टुडिओत पुन्हा पुन्हा टेक व्हायचे, आणि पाहुण्यांची वर्दळ असायची. निर्माता चास चँडलर कंटाळून निघून गेला. बेसवादक नोएल रेडिंग दुरावला. १९६९मध्ये त्रिकूट मोडलंच. म्हणजे परक्यांना इतकी जागा देणाऱ्या या माणसाला घरच्यांना ती देता आली नाही. हे विसरून कौतुक करणं अर्धवट होईल.

मग हा हट्ट वाया गेला का? याचं उत्तर '१९८३' या जवळजवळ चौदा मिनिटांच्या रचनेत शोधावं. युद्धाने उद्‌ध्वस्त झालेली जमीन सोडून दोघे प्रेमिक समुद्राखाली जातात. मधल्या भागात गिटार जवळपास दिसेनाशी होते. क्रिस वुडची बासरी, समुद्रपक्ष्यांसारखे चीत्कार, उलट्या फिरवलेल्या टेपा. काहींना इथे कंटाळा येतो. तो भाग थोडा लांबलाय, हे आम्हीही मान्य करतो. पण व्हिएतनामचं युद्ध भडकलेलं असताना सगळ्यात मोठा आवाज काढू शकणारा वादक आवाज खाली घेतो, हे साधं नाही.

तेव्हा घरी गेल्यावर हे करा. हेडफोन लावा आणि आधी '१९८३' ऐका, 'वॉचटॉवर' नंतर. पहिल्या ऐकण्यात गिटारकडे लक्षच देऊ नका. बाकी काय काय ऐकू येतं ते मोजा. ती सगळी माणसं, ते सगळे आवाज तिथे कुणी बोलावले, हे मग आपोआप कळेल.