गोठ्यातल्या वाऱ्याचं सूत्र

गोठ्याला किती हवा लागते, हे सांगणारं गणित तीन ओळींत मावतं. पहिली ओळ गाईच्या अंगातल्या उष्णतेची, दुसरी ती उष्णता वाहून नेणाऱ्या हवेची आणि तिसरी ती हवा आणणाऱ्या वाऱ्याची. परीक्षेपुरत्या पाठ केल्या तर त्या कोरड्याच वाटतात. अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन या किनाऱ्यावरचा गोठा समोर ठेवून एकेक पद वाचत गेलं की त्यांची गोडी लागते.

पहिली ओळ आंतरराष्ट्रीय कृषी अभियांत्रिकी आयोगाच्या २००२च्या अहवालात सापडते. वजनाचा पाऊण घात घ्या, त्याला ५.६ ने गुणा आणि दर लिटर दुधामागे २२ वॅट मिळवा; गाय गाभण असेल तर त्याची थोडी भर. हा पाऊण घात माक्स क्लायबर यांनी १९३२ साली मांडला: शरीर दुप्पट झालं म्हणून उष्णता दुप्पट होत नाही. आता अडीचशे किलोची, दोन लिटर दूध देणारी गावठी गाय घ्या. ती सुमारे ४०० वॅट उष्णता सोडते. चारशे किलोची, आठ लिटरची संकरित गाय सोडते सुमारे ६८० वॅट. वाढलेल्या २८० वॅटपैकी जवळजवळ निम्मे निव्वळ दुधाचे आहेत. म्हणजे गोठ्याची हवा फक्त गाई मोजून ठरत नाही, डेअरीवर घातलेलं दूधही त्यात मोजावं लागतं. हे आकडे २० अंशांचे. उन्हाळ्यात गाय खाणं कमी करते, मग उष्णताही थोडी उतरते आणि दूधही.

दुसऱ्या ओळीत भागाकार आहे. एक घनमीटर हवा एका अंशाने तापायला सुमारे १,२०० ज्यूल घेते. गावठी गाईच्या ४०० वॅटपैकी निम्मे घाम आणि श्वासावाटे वाफ होऊन जातात असं धरू. उरलेल्या २०० वॅटनी हवा दोनच अंश तापावी असं ठरवलं, तर तासाला ३०० घनमीटर हवा लागते. संकरित गाईला ५०० च्या वर. खरी गंमत छेदात आहे. दोनऐवजी एकच अंश म्हटलं की हवा दुप्पट लागते, आणि गोठा बाहेरइतकाच थंड हवा म्हटलं तर अनंत. बाहेरच्यापेक्षा थंड गोठा हे सूत्र कधीच देत नाही.

तिसऱ्या ओळीची दोन रूपं आहेत. एकात गरम हवा आपोआप वर चढून आढ्याच्या फटीतून बाहेर पडते. याचं मूळ टोरिचेल्लीच्या १६४४ सालच्या नियमात आहे: टाकीच्या भोकातून पाणी किती वेगाने पडेल, ते वरच्या पाण्याच्या उंचीच्या वर्गमुळावर ठरतं. गोठ्यात मात्र ही उंची फार आखडते. तीन मीटरचा, दोन अंशांनी गरम झालेला हवेचा स्तंभ म्हणजे जेमतेम दोन सेंटिमीटरची उंची. तरी दहा मीटर लांब आणि ३० सेंटिमीटर रुंद फट ठेवली, खालून हवेला मोकळीक दिली, तर तासाला चार हजारांवर घनमीटर निघून जातात. दहा गावठी गाईंचं भागतं, दहा संकरित गाईंचं नाही. आढं दुप्पट उंच केलं तरी वर्गमुळामुळे लाभ दीडपटही होत नाही.

दुसऱ्या रूपात वारा आडवा शिरतो. उघडं क्षेत्र गुणिले वेग गुणिले एक गुणांक. दहा मीटरची बाजू दीड मीटर उघडी आणि सेकंदाला एक मीटरची झुळूक, एवढ्यावर तासाला २७ हजार घनमीटर मिळतात. सगळा रस त्या गुणांकात भरला आहे. वारा समोरून आला तर तो ०.५ ते ०.६, तिरका आला तर ०.२५ ते ०.३५. गोठ्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी, म्हणजे ऊन कमी शिरतं, असं पशुसंवर्धनाची पुस्तकं सांगतात. पण या किनाऱ्यावर दुपारचे खारे वारे पश्चिमेकडून येतात आणि पहाटेचे मतलई पूर्वेकडून. दोन्ही अशा गोठ्याच्या टोकांवर आदळतात. लांबी उत्तर-दक्षिण केली तर वारा समोरून मिळतो, पण त्याच्याबरोबर उतरतीचं ऊन आणि आषाढातली झडही गव्हाणीपर्यंत येते. उन्हाळ्यातला वायव्येचा वारा पूर्व-पश्चिम गोठ्याला तिरका लागतो. गुणांक ०.३ वर येतो, तरी १६ हजार घनमीटर हाती राहतात. सावली टिकवून एवढा वारा मिळत असेल तर सौदा वाईट नाही. फक्त दाट पोफळी किंवा उंच गडगा वाऱ्याच्या वाटेत नको.

पावसाळ्यात सूत्र वेगळंच बोलतं. बाहेर २७ अंश आणि ९० टक्के आर्द्रता. अशी ओली हवा आत घ्यायची कशाला, म्हणून चारी बाजूंनी झाप आणि ताडपत्री बांधली जाते. पण गाईंच्या अंगाने तीच हवा दोन अंश तापली की आर्द्रता ८० टक्क्यांवर येते. गाय तासाला पाव किलोपेक्षा थोडी जास्त वाफ सोडते. तीनशे घनमीटरांत ती मिसळली तरी आकडा ८४ च्या आसपास थांबतो. बाहेरच्या हवेपेक्षा आतली कोरडीच! बांधून टाकलेल्या गोठ्यात मात्र वाफही साठते आणि मुताचा अमोनियाही. झड अडवायची तर अडवावी, पण वळचणीखालची हातभर जागा बांधू नये.

सूत्रात नाही तेही वाचायला हवं. तापलेला पत्रा गाईच्या पाठीवर जी आच टाकतो, तिचं पद यात कुठेच नाही. कौलं ती आच अडवण्याचं काम गुपचूप सांभाळत होती. शिवाय हवा वेगाच्या प्रमाणात मिळते, पण छपरावरचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला ताशी ११० ते १२० किलोमीटर वेगाने धडकलं, तेव्हा तो वर्ग सगळ्या किनाऱ्याने पाहिला. आणि ३२ अंश, ७५ टक्के आर्द्रतेला उष्णता-आर्द्रता निर्देशांक ८५ होतो. होल्स्टिन गाईचा त्रास ७२ लाच सुरू होतो. तिथे हवा कितीही खेळवली तरी पुरत नाही, अंगावर पाणी आणि पंख्याचा झोत लागतो.

म्हणून या किनाऱ्यावर गोठा बांधताना पैसा उंचीच्या वर्गमुळावर घालवू नये. आधी दिशा ठरवावी, मग बाजू उघड्या ठेवाव्यात, आढ्याला फट द्यावी आणि छप्पर घट्ट बांधावं. पंख्याचं बिल त्यानंतर. गाय गावठी असेल तर बहुधा ते येणारच नाही.