भोंग्यातून उरलेले बालगंधर्व

बालगंधर्वांची जुनी तबकडी लावली की आमच्या मुलुंडच्या घरात कुणीतरी म्हणतंच, "काय गोड गळा!" माझा आगाऊ प्रश्न: तो गोडवा तबकडीत आला कुठून? १९२५च्या आधीचं ध्वनिमुद्रण मायक्रोफोनशिवाय व्हायचं. गायक भोंग्यात गायचा आणि भोंगा ढोबळमानाने २०० ते ३००० हर्ट्झ एवढंच टिपायचा. 'स'ची सळसळ बरीचशी ४०००च्या वर असते, म्हणजे ती गेलीच. आवाजाची चमकही गेली.

पण सूर ओळखायला कानाला उपस्वरांमधलं अंतर पुरतं; मूळ कंपन गाळलं गेलं तरी चालतं. म्हणून मींड, शब्दावरचं रेंगाळणं, समेवर अलगद येणं शाबूत राहिलं. नुसतं 'गोड गळा' म्हणणं मला म्हणूनच अपुरं वाटतं.

खटकतं ते वेगळंच. तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं. 'मानापमान' (१९११), 'स्वयंवर' (१९१६) मधली पदं रंगभूमीवर वन्समोअर घेत कितीतरी लांबायची. आज मात्र कार्यक्रमांत त्या तीन मिनिटांतल्या जागा जशाच्या तशा घेतल्या जातात, जणू बंदिश तेवढीच होती! पुढच्या वेळी सुरुवातीची एखादी तबकडी ऐकाल तेव्हा शेवटच्या अर्ध्या मिनिटाकडे लक्ष द्या. लय चढते का बघा, आणि मला कळवा.