उडीनंतरची तार

आठवीत असताना जिंतूरला आमच्या शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत मी सावरकरांच्या मार्सेलिसच्या उडीवर बोललो होतो. भाषण मामांनी लिहून दिलं होतं. त्यात खवळलेला समुद्र होता, वरून गोळ्यांचा पाऊस होता, आणि मैलोन्‌मैल पोहणं होतं. समुद्र मी तोवर पाहिलेलाच नव्हता. पाणी म्हणजे येलदरीचं धरण, आणि मामांच्या शेतातली विहीर, जिच्यात पाठीला रिकामा डबा बांधून मी पोहायला शिकलो. तरी 'लाटा' म्हणताना मी हात असे काही हलवले की दुसरा नंबर आला. स्टीलचा डबा मिळाला. तो अजून घरी आहे, त्यात आई मेथ्या ठेवते.

आता मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. कोव्हिडपासून बरंचसं काम जिंतूरहूनच करतो. गेल्या पावसाळ्यात एका रात्री इंटरनेटवर भटकताना हेगच्या लवाद न्यायालयाचा सावरकर खटल्यातला निवाडा सापडला. २४ फेब्रुवारी १९११ चा. आहे पाच-सहा पानांचा. रात्रीत दोनदा वाचला. त्यात लाटा नाहीत, गोळ्या नाहीत. किती अंतर पोहले तेही नाही. सगळ्या निवाड्यात उडीला जेमतेम एक वाक्य आहे. उरलेला कागद आहे तो पत्रांचा आणि तारांचा: कोणी कोणाला, कधी, काय कळवलं. आमच्या धंद्यात सिस्टिम कोसळली की दुसऱ्या दिवशी मिनिटामिनिटाचा हिशेब लिहितात, तसलं हे लिखाण. मला ते ओळखीचं वाटलं, आणि मामांच्या भाषणापेक्षा जास्त भीतीदायकही.

या लेखात सावरकरांच्या पुढच्या राजकारणाबद्दल काही नाही. त्यावर भांडायला जागा पुष्कळ आहेत, आणि माझी मतंही आहेत. इथे मला बोलायचंय ते एका गोष्टीबद्दल आणि एका कागदाबद्दल. गोष्ट म्हणजे आपण मराठीत शंभराहून जास्त वर्षं सांगत आलो ती उडी. कागद म्हणजे हा निवाडा.

सुरुवात नाशकातून करावी लागते. २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात 'शारदा' नाटकाचा प्रयोग होता. कलेक्टर जॅक्सन यांची बदली झाली होती, त्यांच्या निरोपाचा तो प्रयोग. तिथे अनंत कान्हेरेने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. कान्हेरे जेमतेम अठराचा. शिकायला औरंगाबादेत होता, म्हणजे तेव्हाच्या निजामाच्या मुलखात, आमच्याच बाजूला. हे मला शाळेत कोणी सांगितलं नव्हतं. जॅक्सन संस्कृतचे जाणकार होते, लोक त्यांना 'पंडित' म्हणत. पण बाबाराव सावरकरांवरचा खटला त्यांच्याच हातून पुढे गेला होता आणि बाबारावांना जन्मठेप झाली होती. कान्हेरे जागेवरच पकडला गेला. १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे या तिघांना फाशी दिलं.

म्हणजे खुनी शोधावा लागलाच नाही. शोध सुरू झाला तो पिस्तुलाचा. ते ब्राउनिंग होतं, आणि तसली वीस पिस्तुलं लंडनच्या 'इंडिया हाउस'मधला स्वयंपाकी चतुर्भुज अमीन याच्याबरोबर पेटीच्या चोरकप्प्यातून मुंबईला आली होती. ज्या आगबोटींच्या वाटेने पिस्तूल आलं, त्याच वाटेने उलटा माग लंडनपर्यंत गेला. १३ मार्च १९१० ला विनायक सावरकर पॅरिसहून लंडनला उतरले आणि व्हिक्टोरिया स्टेशनवर त्यांना अटक झाली. जुलैच्या सुरुवातीला 'मोरिया' बोटीने त्यांची रवानगी हिंदुस्थानात.

इथून पुढे निवाडा वाचताना तारखांकडे बघा. २९ जून: लंडनच्या पोलीस प्रमुखांचं पत्र पॅरिसच्या सुरक्षा संचालकांना. सावरकर नावाच्या माणसाला हत्येला मदत वगैरे आरोपांखाली खटल्यासाठी पाठवतोय, बोट 'मोरिया', मार्सेलिसला ७ किंवा ८ जुलैला लागेल. ४ जुलै: पॅरिसच्या गृहखात्याची तार मार्सेलिसच्या प्रीफेक्टला. युरोपात असलेले काही हिंदी क्रांतिकारक या संधीचा फायदा घेऊन त्याला सोडवू बघतील, बंदोबस्त ठेवा. ७ जुलै: बोट लागली. मार्सेलिसचा पोलीस अधिकारी बोटीवर येऊन कप्तानाला भेटला, काय हवं-नको विचारलं, कैद्यावरच्या ब्रिटिश अंमलदाराशी त्याची गाठ घालून दिली गेली. ८ जुलै, सकाळी सहा ते सातच्या दरम्यान: कैदी निसटला, पोहत काठाला लागला, पळू लागला. फ्रेंच सागरी पोलिसांच्या ब्रिगेडियरने त्याला धरलं. बोटीवरून उतरलेले तिघे मदतीला आले. कैदी परत बोटीवर. ९ जुलै: बोट निघून गेली.

आणि त्याच ९ जुलैला पॅरिसहून लंडनच्या २९ जूनच्या पत्राला उत्तर गेलं. मार्सेलिसला सावरकर असताना बोटीवर काही प्रकार होऊ नये म्हणून आवश्यक त्या सूचना दिल्या आहेत, अशा आशयाचं.

ही तारीख मी चारदा तपासली. प्रकार होऊन एक दिवस झालेला, बोट नांगर उचलतेय, आणि पोचपावती आत्ता निघतेय.

'ब्रिगेडियर' या शब्दावर जरा थांबतो. मामांच्या भाषणात तो फौजेचा मोठा अधिकारी होता, आणि मी तो शब्द छाती फुगवून म्हणत असे. फ्रेंच पोलिसांत हा हुद्दा खालचा. आपल्याकडे हवालदार म्हणावं तसा. म्हणजे दोन साम्राज्यांच्या पत्रव्यवहाराचं टोक त्या सकाळी एका हवालदाराच्या हातात होतं. आणि त्याला काय माहीत होतं? फ्रान्सचं म्हणणं असं की त्याला काहीच माहीत नव्हतं: बोटीवरचा एखादा खलाशी काही गुन्हा करून पळतोय असं त्याला वाटलं, 'पकडा' अशी आरोळी आली आणि त्याने पकडलं.

मला हे पटतं. सूचना सगळी कशाबद्दल होती? बाहेरून लोक येतील आणि सोडवतील, याबद्दल. पहारा बाहेरच्यांसाठी. कैदी एकटाच, ओल्या अंगाने, आतून बाहेर येईल ही शक्यता त्या तारेत नव्हतीच. तारेत बोटीचं नाव होतं, तारीख होती, माणसाचं नाव होतं. चेहरा नव्हता. चेहरा तारेतून जातही नसे. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे, हा माणूस फ्रान्सच्या जमिनीवर पाय ठेवेल तर काय करायचं, याचं एक अक्षर नव्हतं.

माझे आजोबा, आबा, तार खात्यात होते. २०१३ च्या जुलैत तार बंद झाली तेव्हा ते दिवसभर गप्प होते. कडकट्ट ऐकून लिहून घेणं, मग कागद शिपायाकडे देणं, शिपायाने सही आणणं. मी त्यांना निवाड्यातल्या तारखा वाचून दाखवल्या. ते म्हणाले, "सही म्हणजे कागद हातात पडला एवढंच रे. निम्म्या गावाला तार शिपायानंच वाचून दाखवायची. तो वाचणार त्याला कळंल तेवढं." मग म्हणाले, "त्या हवालदाराला तार वाचून कोणी दाखवली असंल?"

माझ्या आधीच्या एका कंपनीत रात्री तीनला अलर्ट आला होता. ज्याची पाळी होती त्याने अर्ध्या झोपेत 'अ‍ॅक्नॉलेज' दाबलं आणि परत झोपला. यंत्राच्या लेखी माणसाला कळलं होतं. सकाळी ग्राहकांची दोन तासांची माहिती गेलेली होती, आणि बैठकीत प्रश्न एवढाच विचारला गेला: अ‍ॅक्नॉलेज केलं होतं ना? मग जबाबदारी तुमच्या टीमची. ती पाळी माझी होती.

म्हणून निवाड्यातला युक्तिवाद वाचताना मला घाम फुटला. लवादाच्या पाच जणांनी (बेल्जियमचे बीरनार्ट अध्यक्ष, शिवाय फ्रान्सचे रनो, ब्रिटनचे लॉर्ड डेझार्ट, नॉर्वेचे ग्राम, हॉलंडचे सावॉर्निन लोमान) नेमकं हेच केलं. पत्र गेलं होतं ना? तार गेली होती ना? अधिकारी बोटीवर येऊन भेटला होता ना? मग ब्रिटिश पोलिसांना वाटणं साहजिक होतं की हवालदार आपल्या वरिष्ठांच्या सूचनेप्रमाणेच वागतोय. कोणी फसवणूक केली नाही, जबरदस्ती केली नाही, सगळे चांगल्या हेतूने वागले. अटक करून परत सोपवण्यात अनियमितता झाली, हे निवाडा मान्य करतो. पण परक्या अंमलदाराच्या चुकीमुळे हातात आलेला कैदी परत द्यावा असा आंतरराष्ट्रीय कायद्याचा नियम नाही, म्हणून ब्रिटनने परत देण्याची गरज नाही.

कागद म्हणून हा निवाडा मला आवडतो. उगाच विशेषण नाही. पण त्याची खोड इथे आहे. बंदोबस्ताच्या पत्राला तो संमतीचं पत्र करून टाकतो. 'बोटीवर गडबड होऊ देऊ नका' याचा अर्थ 'आमच्या भूमीवर आलेला माणूस तुमचा' असा होत नाही. तो अर्थ नंतर, निकाल माहीत असताना, मागे जाऊन भरलेला आहे. आणि सबंध कागदात ज्याच्यासाठी हे चाललंय तो माणूस एकदाही बोलत नाही. आपल्या गोष्टीत तो हवालदाराला सांगतो की मला मॅजिस्ट्रेटकडे ने. निवाड्यात ते वाक्य नाही. तिथे बोलतात ती दोन सरकारं.

आता आपली गोष्ट. तिची खोड उलटी. तिच्यात माणूसच माणूस आहे, आणि दरवेळी समुद्र थोडा वाढतो. माझ्या भाषणात मैल होते. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या मजकुरांत तासही आले आहेत. मला कळत नाही की आपल्याला पाणी एवढं का लागतं. त्या उडीमागची युक्ती कायद्याची होती. लंडनमध्ये बॅरिस्टरी शिकलेला माणूस असा विचार करतो की बोटीवर मी इंग्रजांचा कैदी, पण फ्रान्सच्या जमिनीला पाय लागला की मी राजकीय आश्रय मागू शकतो. त्यासाठी दहा हात पोहावं लागलं काय किंवा मैलभर, मुद्दा तोच राहतो. सगळा डाव जमिनीवर होता, आणि आपण सगळे रंग पाण्याला दिले. ते पोहून जिंकले आणि जमिनीवर, न पोचलेल्या अर्थामुळे, हरले. ही हार गोष्टीत एका ओळीत संपते: 'पण दुर्दैवाने पकडले गेले.' दुर्दैव म्हटलं की पुढे विचारायला काही उरत नाही.

गंमत म्हणजे सावरकरांचं स्वतःचं 'माझी जन्मठेप' उडीपासून सुरू होत नाही. ते डोंगरीच्या तुरुंगापासून सुरू होतं.

याच जुलै महिन्यात अटलांटिकवर दुसरा एक पाठलाग चालू होता. डॉक्टर क्रिपेन, बायकोच्या खुनाचा संशयित, 'माँट्रोझ' बोटीने कॅनडाकडे पळत होता. कप्तानाने त्याला ओळखलं आणि २२ जुलैला बिनतारी संदेश पाठवला. लंडनचा इन्स्पेक्टर जास्त वेगाची बोट पकडून पुढे गेला आणि ३१ जुलैला अटक झाली. सगळ्या जगाने वाहवा केली. मला वाटतं फरक यंत्राचा कमी आणि चेहऱ्याचा जास्त आहे. त्या कप्तानाने माणूस ओळखून मग संदेश पाठवला. मार्सेलिसला आधी संदेश गेला, माणूस कोणी ओळखलाच नाही. त्याच्याही आधी, १८६५ साली, लिंकनच्या खुन्याला शोधायला पोटोमॅक नदीवर गनबोटी फिरत होत्या, तारा सुटत होत्या, आणि बूथ एका साध्या होडीतून रात्री नदी ओलांडून गेला. तो पुढे २६ एप्रिलला सापडला आणि मारला गेला. बोटी फिरतात म्हणजे नदी राखली जाते, असं नाही.

एक गोष्ट मात्र निवाडा न बोलता सांगतो. ८ च्या सकाळपासून ९ ला बोट सुटेपर्यंत साधारण एक दिवस होता. बोट बंदरात उभी. कैदी आत. या वेळात मार्सेलिसहून कोणी वर विचारलं असतं की याला परत देणं बरोबर होतं का, तर बोट थांबवता आली असती. लवादाने ही शांतता फ्रान्सच्या विरोधात मोजली. फ्रान्सने कैदी परत मागितला तो नंतर. १३ जुलैला प्रीफेक्टने गृहखात्याला तार केली, तिच्यात तो म्हणतो की वरून आलेल्या सूचनेप्रमाणेच मी पळून जाऊ नये याची व्यवस्था केली होती. ही तार वाचून मला माझी बैठक आठवली. मीही पहिलं वाक्य असंच बोललो होतो.

२५ ऑक्टोबरला दोन्ही सरकारांचा लवादाचा करार झाला. पण मुंबईचं विशेष न्यायालय त्यासाठी थांबलं नाही. डिसेंबर १९१० मध्ये पहिली जन्मठेप, जानेवारी १९११ मध्ये दुसरी. मिळून पन्नास वर्षं. हेगचा निवाडा त्यानंतर आला. म्हणजे हा माणूस तुमच्या ताब्यात असायला हवा का, या प्रश्नाचं उत्तर येण्याआधीच शिक्षा लागू झाली होती.

यंदा पुतणीने त्याच स्पर्धेसाठी भाषण मागितलं. ती सातवीत आहे. मी तिला नवं लिहून दिलं: तारखा, पत्र, तार, हवालदार. तिने वाचलं आणि विचारलं, "काका, मग पोहले किती?"

"निवाड्यात लिहिलेलं नाही."

"मग लाटा?"

"त्याही नाहीत."

तिने थोडा वेळ विचार केला. हवालदार तिला आवडला, तो ठेवला. ९ जुलैचं पत्रही ठेवलं. ते म्हणताना ती हातातला कागद हळूच घडी घालून खिशात टाकते, हे तिचं तिनेच बसवलंय. पण सुरुवातीला मामांच्या जुन्या वहीतून दोन लाटा तिने परत आणल्या. मी काही बोललो नाही. शुक्रवारी स्पर्धा आहे.