पुष्कराचा होकार

महाभारताच्या वनपर्वातील नलोपाख्यान आपल्याकडे वाचले जाते ते प्रेमकथा म्हणून. श्रीहर्षाचे नैषधीयचरित विवाहानंतरच्या सुखापाशीच थांबते. रघुनाथपंडितांनी मराठीत आणले तेही स्वयंवराचेच आख्यान. त्यामुळे हंस सर्वांच्या स्मरणात राहिला आणि फासे मागे पडले. वस्तुतः बृहदश्व ऋषी ही कथा ज्याला सांगतात तो युधिष्ठिर द्यूतात सर्वस्व गमावून काम्यकवनात बसलेला आहे, आणि आपल्याहून दुर्दैवी असा कोणी राजा झाला काय, एवढेच त्याला जाणून घ्यायचे आहे. तेव्हा द्यूत हाच ह्या कथेचा कणा मानला पाहिजे. तसे वाचू लागले की लक्ष नलाइतकेच त्याच्या भावाकडे, पुष्कराकडे जाते, आणि तेही अखेरच्या डावात.

प्रसंग थोडक्यात असा. पुष्कर नलाचे राज्य उपभोगत निर्धास्त बसलेला आहे. एक रथ, सोळा हत्ती, पन्नास घोडे आणि सहाशे पायदळ घेऊन नल त्याच्यापुढे येऊन उभा राहतो आणि म्हणतो : जिंकलेल्याने हरलेल्याला परतीचा डाव द्यावा हा धर्म आहे. माझे सारे धन आणि दमयंती एकीकडे, तुझे राज्य दुसरीकडे; एकाच डावात निकाल, आणि वर दोघांचे प्राणही पणाला. फासे नको असतील तर रथावर चढून युद्ध कर. पुष्कर हसतो, होकार देतो आणि त्या एका डावात सर्व गमावून बसतो.

हा होकार चुकीचा होता काय? पोकर नावाचा पत्त्यांचा खेळ जे गंभीरपणे खेळतात त्यांच्यापुढे हाच प्रश्न वेगळ्या वेषात नित्य उभा राहतो. तीन पत्ती खेळणाऱ्यांना पोकर समजायला वेळ लागत नाही. त्याच्या स्पर्धेत प्रत्येकजण ठरावीक प्रवेशमूल्य भरून सारख्याच चकत्या घेऊन बसतो; चकत्या संपल्या की तो बाहेर. समजा, स्पर्धा नुकतीच सुरू झाली आहे आणि समोरच्याने अकस्मात आपल्या साऱ्या चकत्या पुढे सारल्या. ह्याला म्हणतात ‘ऑल-इन’. तुमच्या हाती राण्यांची जोडी आहे. त्याच्याकडे एक्का-राजा असेल, तर शंभरातून सुमारे पंचावन्न वेळा तुम्ही जिंकाल. राजांची किंवा एक्क्यांची जोडी असेल, तर जेमतेम अठरा-एकोणीस वेळा. डाव स्वीकारावा की पाने टाकून द्यावीत?

नवखा माणूस एवढेच विचारतो, की माझी पाने त्याच्याहून वरचढ आहेत काय. जाणता खेळाडू आणखी दोन प्रश्न विचारतो. पहिला, हरलो तर काय जाते? बक्षिसे अनेक क्रमांकांत वाटलेली असल्यामुळे चकत्या दुप्पट झाल्या म्हणून बक्षिसाची आशा दुप्पट होत नाही. शून्य झाल्या तर मात्र ती पूर्णच संपते. म्हणजे गमावलेली चकती ही मिळवलेल्या चकतीपेक्षा महाग असते. आरंभी सक्तीने टाकावयाची रक्कमही चकत्यांच्या मानाने अल्प असते, म्हणून पाने टाकून देण्याने फारसे बिघडत नाही. दुसरा प्रश्न, हा माणूस आत्ताच सर्वस्व का लावतो आहे? (अर्धवट राहिलेल्या खेळात कोणाचा हिस्सा किती, हा प्रश्न लुका पाचोली ह्या फ्रान्सिस्कन संन्याशाने १४९४ च्या आपल्या ग्रंथात घेतला आणि चुकीचा सोडवला, १६५४ मध्ये पास्काल व फेर्मा ह्यांच्या पत्रव्यवहारातून त्याचे खरे उत्तर निघाले. संभाव्यतेच्या गणिताची सुरुवात तेथे मानतात.)

ह्या कसोटीवर पुष्कराला घासून पाहू. पाने टाकून देण्याची वाट त्याला मोकळी नव्हती. नकार म्हणजे युद्ध, आणि रथावर नलाशी गाठ म्हणजे काय हे सर्वांना ठाऊक होते. शिवाय पूर्वी कित्येक महिने चाललेल्या द्यूतात तोच जिंकला होता. ह्या दृष्टीने त्याचा होकार समर्थनीय ठरतो, आणि त्याला निव्वळ मूर्ख म्हणणाऱ्या टीकाकारांशी मी सहमत नाही. त्याचा दोष त्याच्या हसण्यात आहे. सर्वस्व हरून वनात गेलेला भाऊ परत येतो, इतके थोडे सैन्य घेऊन येतो आणि तरी एकाच डावात सारे मागतो, ह्याचे कारण तो विचारीत नाही. दमयंती आता माझी सेवा करील, एवढेच तो बोलतो. त्याच्या डोळ्यांपुढे केवळ बक्षीस आहे.

कारण मात्र कवीने आधीच, विदर्भाच्या वाटेवर, सांगून ठेवले आहे. अयोध्येचा राजा ऋतुपर्ण कुंडिनपुराकडे निघालेला असतो. सारथी म्हणून बाहुकाच्या रूपातला नल. वाटेत एका बेहड्याच्या झाडाकडे पाहून ऋतुपर्ण त्याची पाने आणि फळे सांगतो : दोन फांद्यांवर पाच कोटी पाने, दोन हजार पंचाण्णव फळे. नल ती मोजून पाहतो आणि राजाचे म्हणणे खरे ठरते. मग अश्वविद्येच्या बदल्यात राजा त्याला अक्षहृदय, म्हणजे फाशांचे मर्म, शिकवतो. ते येताच कली नलाच्या देहातून निघून त्याच बेहड्यात शिरतो. प्राचीन फासे बेहड्याच्या फळांचेच असत, आणि अभ्यासकांच्या मते मूठभर फळे चाराने भागून उरणाऱ्या बाकीवर डाव ठरे. कली आणि द्वापर ही त्या बाक्यांचीच नावे. हे ध्यानात घेतले की झाडाची मोजणी हा निव्वळ चमत्कार राहत नाही. झर्रकन मोजता येणे हेच त्या खेळातले कौशल्य होते. नल ह्या वेळी नशिबावर विसंबून आलेला नाही, मोजून आलेला आहे.

यवतमाळच्या जंगलात बेहडा आजही आहे, आणि परंपरेने कुंडिनपूर मानले गेलेले कौंडिण्यपूर ज्या वर्धेच्या काठी आहे तीच नदी पुढे वणी तालुक्याच्या कडेने वाहते. येथील कापूसवाल्याला पुष्कराची कोंडी समजावून सांगावी लागत नाही. मृगाची पहिली सर पडली की घरातले सारे बियाणे मातीत टाकावे की थांबावे? पाऊस दडी मारील तर दुबार पेरणी. थांबावे तर हंगाम हातचा जातो. पोकरच्या खेळाडूला थांबणे स्वस्त पडते, त्याला ते पडत नाही.

मात्र एका ठिकाणी उपाख्यान स्वतःच अडखळते असे मला वाटते. पहिल्या द्यूताला नल बसला तो वैदर्भीच्या देखत आलेले आव्हान सोसवेना म्हणून. राज्य गेल्यावर पुष्कर म्हणाला, आता दमयंती लाव. तेव्हा नल काही बोलला नाही. अंगावरचे दागिने उतरवून एका वस्त्रानिशी चालता झाला. युधिष्ठिराला जे साधले नाही ते तेथे नलाला साधले. मला तो क्षण साऱ्या उपाख्यानात श्रेष्ठ वाटतो. मग अखेरच्या डावात तोच नल तिला पणाला कसा लावतो? विद्या आल्यामुळे विजय निश्चित होता, असे उत्तर दिले जाईल. परंतु त्याने केवळ जिंकण्याची शक्यता वाढते. पणाला लावलेली वस्तू आपली होत नाही. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथाचा २४१३ वा परिच्छेद पत्त्यांचे खेळ वा पैजा मुळातच अन्याय्य मानीत नाही. स्वतःच्या वा इतरांच्या गरजेला आवश्यक ते त्यात जाऊ लागले की मात्र त्या अग्राह्य ठरवतो. प्रवेशमूल्य भरून मिळवलेल्या चकत्या खेळाडूच्या स्वतःच्या असतात, आणि त्या गेल्या तर तो केवळ खेळातून उठतो. नलाने पुढे सारले त्यात दुसऱ्या एका जीवाचे सारे आयुष्य होते.

जिंकल्यावर नल उदार होतो. झाले ते कलीचे कृत्य होते असे सांगून तो पुष्कराला जीवदान देतो, त्याचा वाटाही परत करतो. मग मोठे सैन्य पाठवून दमयंतीला माहेराहून आणवतो. त्या डावाच्या वेळी ती कुंडिनपुरात बापाच्या घरी होती. आपल्यावर डाव लागला होता हे तिला पुढे कोणी सांगितले काय, ह्याविषयी बृहदश्व काहीच बोलत नाहीत, आणि युधिष्ठिरही विचारीत नाही.