दुरुस्तीला गुण किती?

निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीत ट्रकचे इंजिन उघडणारा मिस्त्री कुणाला विचारत बसत नाही. पाना आणि अनुभव एवढे त्याला पुरते. मोबाइल दुरुस्त करणाऱ्याचे तसे नाही. बॅटरी बदलली, फोन सुरूही झाला, तरी काही मॉडेलांत ‘भाग ओळखता येत नाही’ अशी सूचना पडद्यावर उमटते.

असे का होते? बॅटरीत, कॅमेऱ्यात छोटी चिप असते व तिच्यात त्या भागाचा क्रमांक नोंदलेला असतो. मुख्य बोर्ड तो क्रमांक तपासतो. जुळला नाही, तर एखादी सोय बंद पडते. त्याच मॉडेलच्या दुसऱ्या फोनमधून काढलेला अस्सल भागही कधी कधी नाकारला जातो. व्होल्टता तीच, जोडणी तीच. अडवतो तो प्रोग्रॅम. चोरीला व बनावट बॅटऱ्यांना यामुळे आळा बसतो, असे कंपन्या म्हणतात. त्यात तथ्य आहेच. पण अस्सल भागाची नोंद करण्याची सोय दुकानदाराला दिली, तर चोराचा काय फायदा?

आपल्या उद्योगनगरीला हा वाद नवा नाही. सुटे भाग व माहिती बाहेरच्या गॅरेजांना मिळू देत नाहीत, म्हणून स्पर्धा आयोगाने २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना सुमारे २,५४४ कोटी रुपये दंड केला. त्यांत टाटा मोटर्सही होती. कंपन्यांनी पुढे दाद मागितली, ते वेगळे.

आता मोबाइलकडे वळू. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने नेमलेल्या समितीने २०२५ मध्ये ‘दुरुस्ती निर्देशांका’चा आराखडा सादर केला. फोन उघडायला किती पायऱ्या लागतात, स्क्रू व अवजारे कोणती, सुटे भाग व माहिती मिळते का, सॉफ्टवेअर किती काळ अद्ययावत होते, असे त्याचे निकष आहेत. कल्पना उत्तमच. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून नव्या मोबाइलच्या लेबलवर अशी श्रेणी असते; तिथे १०० पैकी २५ गुण उघडण्याच्या सोपेपणाला आहेत.

माझा आक्षेप नेमका इथे आहे. हे निकष मुख्यतः स्क्रू मोजतात. क्रमांकाच्या कुलपाला स्वतंत्र गुण नाहीत. सहज उघडणारा पण नवा भाग न स्वीकारणारा फोन चांगली श्रेणी मिळवून जाईल. अमेरिकेतील ओरेगॉन राज्याने २०२४ च्या कायद्यात या कुलपावरच बोट ठेवले.

वर्गात एक बंद पडलेला फोन जरूर उघडा. बॅटरी मात्र जाणकाराकडून आधी काढून घ्या. भोक पडले तर ती पेट घेते. स्क्रू, त्यांचे प्रकार, गोंदाच्या जागा विद्यार्थ्यांनी मोजाव्यात, आणि मग कुलूप कोणत्या रकान्यात लिहायचे हे त्यांनाच विचारावे.