एक चांगला शोधनिबंध आणि त्याचं अर्धवट वाचन: बोलिव्हिया 2019

पीएच.डी.ची तयारी करत असाल तर हा वाद नीट वाचा. इद्रोबो, क्रोनिक आणि रॉड्रिग्ज यांचा बोलिव्हियातल्या उशिरा मोजलेल्या मतांवरचा शोधनिबंध 2022 मध्ये 'जर्नल ऑफ पॉलिटिक्स'मध्ये आला. निबंध भक्कम आहे. तक्रार आहे ती त्याच्या वाचनाबद्दल.

आधी घटना बघू. 20 ऑक्टोबर 2019 ला मतदान झालं. पहिल्याच फेरीत जिंकायचं तर निम्म्याहून जास्त मतं हवीत, किंवा किमान 40 टक्के मतं आणि शिवाय 10 टक्क्यांची आघाडी. सुमारे 84 टक्के मोजणीनंतर प्राथमिक निकाल देणं थांबलं, तेव्हा एवो मोरालेस यांची आघाडी आठहून थोडी कमी होती. अंतिम निकालात ती 10.57 झाली. दुसऱ्याच दिवशी अमेरिकी राष्ट्रांच्या संघटनेच्या (ओएएस) निरीक्षकांनी कलातल्या या बदलावर जाहीर शंका घेतली. 10 नोव्हेंबरला त्यांचा प्राथमिक तपासणी अहवाल आला आणि त्याच दिवशी लष्करप्रमुखांनी 'सुचवल्यावर' मोरालेस यांनी राजीनामा दिला.

आता निबंध काय सांगतो? उशिरा मोजलेली मतं मोरालेस यांच्याकडे झुकली, हे खरं. पण ग्रामीण-शहरी फरक आणि प्रदेश या दोनच गोष्टींनी त्यातला बहुतेक कल समजतो. शेवटच्या टप्प्यात दिसलेली 'उसळी' ही पद्धतीतल्या आणि कोडमधल्या चुकांची निर्मिती होती. एका विश्लेषणात तर मतपत्रकांच्या वेळा काळानुसार न लावता अक्षरक्रमानं लावल्या गेल्या होत्या. एवढीशी चूक, पण आलेख पार बदलतो. म्हणून दुसऱ्याचा डेटा मिळाला की आधी तो कोणत्या क्रमानं लावलाय ते तपासा.

इथपर्यंत ठीक. गडबड पुढे होते. बरेच वाचक यातून 'गैरप्रकार झालाच नाही' असा निष्कर्ष काढतात. निबंध तसं म्हणत नाही. 'हा कल गैरप्रकाराशिवायही समजावता येतो' एवढाच त्याचा दावा आहे. ओएएसच्या अहवालात न कळवलेले सर्व्हर आणि खोट्या सह्या असे वेगळे मुद्देही होते. ते संख्याशास्त्रानं ना सिद्ध होतात, ना खोडले जातात. 2020 मध्ये मोरालेस यांच्याच पक्षाचे लुईस आर्से 55 टक्के मतांनी जिंकले, हाही आधीच्या मोजणीचा पुरावा नाही. निवडणूक वेगळी, उमेदवार वेगळा.

उलट बाजूचं वाचनही तितकंच घसरतं: 'गैरप्रकार झाला, म्हणून हंगामी सरकार वैध.' हा तर स्वतंत्र प्रश्न आहे. 12 नोव्हेंबरला सिनेटच्या दुसऱ्या उपाध्यक्ष जनिन आन्येस यांनी गणसंख्या नसताना अध्यक्षपद घेतलं. संविधानातला वारसाक्रम प्रतिनिधी सभागृहाच्या अध्यक्षांपाशी संपतो. राजीनाम्यांमुळे वरच्या जागा रिकाम्या होत्या, म्हणून आपण पात्र, असा त्यांचा दावा होता आणि घटनात्मक न्यायाधिकरणानं निवेदन काढून तो उचलून धरला. दुसरीकडे, 2016 च्या सार्वमतात नाकारलेली पुन्हा उभं राहण्याची मुभा मोरालेस यांना 2017 मध्ये याच संस्थेनं दिली होती. म्हणजे दोन्ही बाजूंना आपापल्या सोयीचा निवाडा एकाच दारातून मिळाला. माझ्या मते संशोधनाचा खरा प्रश्न इथे आहे, आणि तो 'सत्तापालट होता की नव्हता?' या भांडणात हरवतो.

हे निव्वळ बौद्धिक भांडण नव्हतं. साकाबा आणि सेनकाता इथे सुरक्षा दलांच्या कारवाईत आंदोलक मेले. दरम्यान 4078 क्रमांकाच्या हुकुमानं लष्कराला फौजदारी जबाबदारीतून सूट दिली होती. 2021 मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटानं या दोन्ही घटनांना हत्याकांड म्हटलं. मतमोजणीबद्दल तुमचं मत काहीही असो, या मृत्यूंचा हिशोब त्यानं बदलत नाही.

तेव्हा या विषयावरचा पुढचा लेख हातात आला की तीन प्रश्न तीन वेगळ्या ओळींत लिहा: मोजणीत काय झालं? सत्ता कोणत्या नियमानं बदलली? सत्ता मिळाल्यावर ती कशी वापरली? मग प्रत्येक पुरावा कोणत्या ओळीत बसतो ते बघा. एका ओळीचा पुरावा दुसरीत वापरलेला दिसला, तर तिथेच पेन्सिलीनं खूण करा. तुमच्या परीक्षणाची सुरुवात तिथूनच होईल.